विषाचा शोध घेत बसलो, साखर मोजायची राहून गेली

दरवर्षी ६ डिसेंबर जवळ आला की आपल्याकडे एक चर्चा हमखास सुरू होते. चैत्यभूमीच्या रांगेत, विहाराच्या ओट्यावर, आणि आता व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर. बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण नैसर्गिक होते की घातपात? कोण म्हणतो दुधात काही घातले, कोण म्हणतो इंजेक्शन दिले. त्या काळी सरकारी चौकशी झाली, तिच्यात काही वावगे आढळले नाही. तरी माईसाहेबांना २००३ साली त्या जाईपर्यंत या संशयाचे ओझे वाहावे लागले. या संशयामागे प्रेम होते हे मी नाकारत नाही. ज्या माणसाने आपल्याला माणूस केले तो वयाच्या ६५ व्या वर्षी, धम्मदीक्षेनंतर दोन महिनेही झाले नसताना असा झोपेत जातो, हे समाजाला पचणे शक्यच नव्हते.

पण एक प्रश्न मला गेली काही वर्षे छळतो आहे. बाबासाहेबांना काय पाजले गेले यावर आपण जवळजवळ सत्तर वर्षे बोललो. बाबासाहेबांना कोणता आजार होता यावर किती बोललो?

हा प्रश्न मला पुस्तकातून पडलेला नाही. आमच्या वस्तीतले एक काका दोन वर्षांपूर्वी गेले. वय बावन्न. सफाईच्या कामावर कंत्राटी होते. एका पहाटे कामाला निघताना त्यांना दरदरून घाम फुटला, धाप लागली. छातीत दुखत नव्हते. घरच्यांना वाटले पित्त झाले, म्हणून सोडा पाजला आणि पडून राहायला सांगितले. दुपारी दवाखान्यात नेले तेव्हा डॉक्टर म्हणाले, मोठा अटॅक येऊन गेला आहे. रक्त तपासले तर शुगर चारशेच्या पुढे, आणि मागच्या तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी तपासणीही खूप वाढलेली. म्हणजे ही साखर त्या दिवशीची नव्हती, जुनी होती. दोन दिवसांनी काका गेले. काकू मला म्हणाल्या, "ताई, ह्यांना शुगर होती हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही गं. गोड तर ते खातच नव्हते."

आठवून पाहिले तर सगळ्या खुणा होत्या. पायाला झालेली जखम चार महिने भरत नव्हती. दोष दिला गमबुटाला. रात्री चार-पाच वेळा लघवीला उठत. दोष दिला वयाला. तळपाय बधिर झाले होते. दोष दिला सिमेंटच्या रस्त्याला. त्यांच्या शोकसभेनंतर ओट्यावर बसलेली मंडळी थोड्या वेळाने पुन्हा त्याच जुन्या विषयावर आली, बाबासाहेबांना विष कोणी दिले. त्या ओट्यावर बसलेल्या आठ-दहा जणांपैकी किती जणांनी आयुष्यात एकदा तरी शुगर तपासली होती, हे मी विचारले. एकाने हात वर केला.

म्हणून हा लेख.

१९४८: एकाच वर्षातल्या दोन गोष्टी

बाबासाहेबांचा आजार गुप्त नव्हता. त्यांना मधुमेह होता, रक्तदाब होता, पायांच्या नसांचे दुखणे होते. उपचारासाठी ते मुंबईत डॉ. मालवणकरांकडे जात. तिथेच काम करणाऱ्या डॉ. शारदा कबीर यांच्याशी त्यांनी १५ एप्रिल १९४८ रोजी दिल्लीत विवाह केला. आपल्या पथ्यपाण्याकडे, औषधाकडे लक्ष देणारे माणूस जवळ हवे, हे त्या विवाहामागचे एक कारण त्यांनी स्वतः जवळच्या सहकाऱ्यांना कळवले होते. ज्या महिन्यांत मधुमेहाने त्यांचे पाय रात्र रात्र झोपू देत नव्हते, त्याच महिन्यांत संविधानाचा मसुदा तयार होत होता. फेब्रुवारी १९४८ मध्ये तो संविधान सभेच्या अध्यक्षांकडे गेला आणि नोव्हेंबरमध्ये बाबासाहेबांनी तो सभेत मांडला.

१९५१ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहिले. आपल्या प्रकृतीची डॉक्टरांना काळजी वाटते आहे, सलग महिनाभर उपचार घ्या असे ते म्हणत आहेत, पण त्यांच्या हवाली होण्याआधी हिंदू कोड बिलाचा निकाल लागलेला मला पाहायचा आहे, असा त्या पत्राचा आशय होता. बिल अडवले गेले. बाबासाहेबांनी राजीनामा दिला. शरीर थकत गेले, काम थांबले नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूर, नोव्हेंबरमध्ये काठमांडूची जागतिक बौद्ध परिषद, आणि ५ डिसेंबरच्या रात्री दिल्लीत २६, अलिपूर रोडच्या घरी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या प्रस्तावनेची पाने. सकाळी ते उठले नाहीत.

आता त्याच १९४८ सालची दुसरी गोष्ट. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या फ्रेमिंगहॅम नावाच्या लहान गावात एक अभ्यास सुरू झाला. तीन वर्षांपूर्वी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट अतिशय वाढलेल्या रक्तदाबाने, मेंदूत रक्तस्राव होऊन गेले होते. देशाचा सर्वात मोठा माणूस असा गेला, तेव्हा त्या देशाने काय केले? हृदयविकाराच्या संशोधनासाठी सरकारी संस्था उभी केली आणि गावातल्या ५,२०९ स्त्री-पुरुषांची दर दोन वर्षांनी तपासणी सुरू केली. वजन, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, साखर, सगळे लिहून ठेवायचे आणि वाट पाहायची, कोणाला काय होते. आज डॉक्टर 'रिस्क फॅक्टर' हा शब्द सहज वापरतात, तो याच अभ्यासातून रूढ झाला.

ही तुलना मी मुद्दाम करते आहे. एका समाजाने आपल्या नेत्याच्या मृत्यूतून मोजमाप उभे केले. आपण संशय उभा केला. याचा सगळा दोष आपला नाही. मोजमाप उभे करायला सत्ता लागते, पैसा लागतो, आणि ते आपल्या हातात नव्हते. पण आपल्या हातात जे होते, म्हणजे स्वतःच्या माणसांची चौकशी करणे, तेही आपण केले नाही.

१९५६ पर्यंत शास्त्राला काय माहीत होते

बाबासाहेब लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकत होते, त्याच काळात, जानेवारी १९२२ मध्ये, कॅनडात टोरांटोच्या रुग्णालयात लेनर्ड थॉम्पसन नावाच्या १४ वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचले गेले. तोवर अशा मुलाला मधुमेह झाला की मरण ठरलेले असे. बँटिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या शोधाचे पेटंट विद्यापीठाला प्रत्येकी एका डॉलरला देऊन टाकले. औषध सर्वांना मिळावे हा हेतू.

इन्सुलिन आले आणि एक नवीच गोष्ट दिसू लागली. पूर्वी मधुमेही माणूस बेशुद्ध होऊन लवकर मरत असे. आता तो जगू लागला, आणि दहा-वीस वर्षांनी हृदयाच्या किंवा पायाच्या रक्तवाहिन्या बंद पडून मरू लागला. बॉस्टनचे डॉ. जॉस्लिन यांच्या दवाखान्यातल्या नोंदींनी हा बदल स्पष्ट दाखवला. साखरेचा आजार हा नुसता साखरेचा राहिला नाही, तो रक्तवाहिन्यांचा आजार ठरू लागला.

पण हे माहीत असून डॉक्टरांच्या हातात फार काही नव्हते. आज सरकारी दवाखान्यात मिळणारी मेटफॉर्मिनची गोळी फ्रान्समध्ये वापरात आली १९५७ साली. रक्तदाबावर सहज घेता येईल अशी क्लोरोथायझाइडची गोळी आली १९५८ साली. कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिन गोळ्या तर १९८७ साली आल्या. घरी बसून बोटाच्या थेंबावर साखर मोजण्याचे यंत्र बाबासाहेबांनी कधी पाहिलेच नाही. जगातल्या उत्तम विद्यापीठांत शिकलेल्या, केंद्रात मंत्री राहिलेल्या, डॉक्टर पत्नी घरात असलेल्या माणसालाही त्या काळचे वैद्यकशास्त्र इतकेच देऊ शकत होते. मधुमेह, रक्तदाब, नसांचा आजार, अपुरी झोप, अखंड काम आणि अखंड अपमान, हे सगळे एका शरीरात एकत्र आले होते. घातपाताची कथा बाजूला ठेवून हे पाहा. या शरीराचे काय होणार हे समजायला विषाची गरज पडत नाही.

नंतर काय कळले

फ्रेमिंगहॅमच्या वीस वर्षांच्या नोंदींवरचा निबंध १९७९ साली प्रसिद्ध झाला. मधुमेह असलेल्यांत हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या आजाराचे प्रमाण दोन ते तीन पट आढळले. आणि बायकांनी लक्षात ठेवावे असे त्यात एक होते. एरवी हृदयविकारापासून स्त्रीला काही वर्षे जे संरक्षण मिळते, ते मधुमेहात जवळजवळ संपते. १९९८ साली फिनलंडमधल्या अभ्यासाने आणखी पुढचे सांगितले. ज्याला मधुमेह आहे पण अजून अटॅक आलेला नाही, त्याला अटॅकचा धोका साधारण तितकाच, जितका मधुमेह नसलेल्या पण एकदा अटॅक येऊन गेलेल्या माणसाला.

हे झाले माहीत असलेल्या मधुमेहाचे. माहीत नसलेल्याचे काय?

अमेरिकेतच ऑक्सफर्ड नावाच्या गावात १९४६-४७ मध्ये घरटी तपासणी झाली, तेव्हा दर चार माहीत असलेल्या मधुमेहींमागे तीन असे निघाले ज्यांना आपला आजार ठाऊकच नव्हता. म्हणजे हा लपलेला आजार आहे हे शास्त्राला ऐंशी वर्षांपूर्वीच कळले होते. २००२ साली स्वीडनमधल्या डॉक्टरांनी अटॅक येऊन दाखल झालेले १८१ रुग्ण घेतले. यांच्यापैकी कोणालाही मधुमेह असल्याचे आधी माहीत नव्हते. ग्लुकोज पाजून तपासणी केली, तर साधारण तिघांत एकाला मधुमेह निघाला आणि आणखी तिघांत एकाची साखर वाढू लागलेली होती. म्हणजे हृदयाच्या वॉर्डात जे स्वतःला मधुमेह नसलेले समजत होते, त्यांच्यातले दोन तृतीयांश लोक साखरेच्या वाटेवर होते. आमच्या काकांसारखेच. पहिले निदान अटॅकने केले.

हे असे का होते, तेही साध्या शब्दांत सांगते. रक्तातली वाढलेली साखर रक्तवाहिनीच्या आतल्या नाजूक अस्तराला इजा करते. तिथे चरबी साचते, वाहिनी अरुंद होते, रक्ताची गुठळी लवकर धरते. सोबत रक्तदाब असेल आणि तंबाखू असेल तर हे काम दुप्पट वेगाने चालते. दुसरीकडे तीच साखर नसा मारते. पायाच्या नसा मेल्या की जखम कळत नाही. हृदयाकडच्या नसा बिघडल्या की अटॅकचे दुखणे कळत नाही. फ्रेमिंगहॅममध्ये सुमारे एक चतुर्थांश अटॅक असे होते की ते येऊन गेल्याचे त्या वेळी ओळखलेच गेले नाही, नंतरच्या ईसीजीत दिसले. म्हणून मधुमेही माणसाला, किंवा साखर कधी तपासलीच नाही अशा माणसाला, अचानक घाम, धाप, मळमळ, कमालीचा थकवा आला तर छातीत दुखत नाही म्हणून सोडा पाजत बसू नका. सरळ दवाखाना गाठा.

"हा तर श्रीमंतांचा आजार"

आपल्या वस्तीत शुगरबद्दल बोलले की हमखास ऐकू येते, "आम्ही कष्टाची माणसं, आम्हाला कसली शुगर? तो शेठ लोकांचा आजार." हे वाक्य आपले नाही. ते आपल्याला शिकवले गेले आहे आणि त्याला इतिहास आहे.

१९०७ साली ब्रिटिश मेडिकल असोसिएशनच्या सभेत उष्ण प्रदेशांतल्या मधुमेहावर चर्चा झाली. कलकत्त्याच्या डॉक्टरांनी तिथे मांडले की भारतात हा आजार वरच्या थरातल्या, बैठे काम करणाऱ्या, बुद्धिजीवी लोकांचा आहे. खोटे बोलत नव्हते ते. त्यांच्या दवाखान्यात वकील येत, न्यायाधीश येत, जमीनदार येत. भंगी, डोम, चांभार त्यांच्या टेबलासमोर येतच नव्हते, तर त्यांची लघवी कोण तपासणार? ज्याला मोजले नाही त्याला आजार नाही, असा निष्कर्ष निघाला आणि तोच शंभर वर्षे पाठ्यपुस्तकांतून फिरला. समाजशास्त्र शिकताना एक गोष्ट मला पक्की कळली. आकडा वाचण्याआधी विचारायचे, मोजायला कोण बसले होते आणि रांगेत कोणाला उभे केले होते.

आता रांग थोडी रुंदावली तेव्हा काय दिसले? भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या पाहणीचे १५ राज्यांतले निष्कर्ष २०१७ साली आले. ५७ हजारांहून अधिक लोकांची तपासणी झाली होती. ज्यांना मधुमेह निघाला त्यांच्यातल्या ४७.३ टक्के लोकांना तो आधी माहीत नव्हता. आणि दुसरा निष्कर्ष आपल्यासाठी अधिक महत्त्वाचा. पुढारलेल्या राज्यांतल्या शहरी भागात मधुमेहाचे प्रमाण श्रीमंतांपेक्षा गरीब थरात जास्त आढळले. महाराष्ट्र त्या राज्यांत आहे. २०२३ च्या निष्कर्षांनुसार देशात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि १३.६ कोटी त्याच्या उंबरठ्यावर आहेत. शेठ लोकांचा आजार केव्हाच झोपडपट्टीत राहायला आला आहे. फरक इतकाच की शेठ वर्षाला संपूर्ण बॉडी चेकअप करतो आणि आपला माणूस अटॅकने कळेपर्यंत थांबतो.

भुकेचा वारसा

पण कष्ट करणाऱ्या, सडपातळ माणसाला मधुमेह होतोच का? याचे उत्तर शोधण्याचे मोठे काम आपल्या पुण्यात झाले आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू केला. शेतात राबणाऱ्या, अर्धपोटी बाया. त्यांची बाळे सरासरी सुमारे २.७ किलोची. इंग्लंडमधली बाळे साडेतीन किलोची. ही बाळे हाडाने, मांसाने बारीक होती, पण अंगावरची चरबी त्या मानाने कमी झालेली नव्हती. बाहेरून किडकिडीत, आतून चरबीदार. इंग्लंडचे डॉ. बार्कर यांनी आधीच दाखवले होते की कमी वजनाने जन्मलेल्या मुलांना मोठेपणी हृदयविकार आणि मधुमेह अधिक होतो. आईच्या पोटात अन्न कमी पडले की बाळाचे शरीर उपासमारीसाठी तयार होते. स्नायू, स्वादुपिंड यांच्यावर काटकसर होते. पुढे त्याच शरीराला शहरात पाव, साखरेचा चहा, रेशनचा पांढरा तांदूळ मिळाला की ते कोलमडते.

दुसऱ्या महायुद्धात, १९४४-४५ च्या हिवाळ्यात, जर्मनांनी हॉलंडचा अन्नपुरवठा तोडला होता. त्या महिन्यांत ॲम्स्टरडॅममध्ये आईच्या पोटात असलेली मुले पन्नाशीत आली तेव्हा तपासली गेली. त्यांच्या रक्तात साखर जास्त राहत होती, आणि गर्भाच्या सुरुवातीच्या महिन्यांत ज्यांना उपास घडला त्यांच्यात हृदयविकारही अधिक होता. काही महिन्यांच्या उपासमारीचा हिशेब पन्नास वर्षांनी निघाला.

आता मी जे म्हणते आहे ते या अभ्यासांतले नाही, माझे आहे. हॉलंडमध्ये काही महिने अन्न तोडले गेले. आपल्या आज्या-पणज्यांचे अन्न किती पिढ्या तोडले गेले? गावकीची कामे करून बदल्यात मिळणारे शिळे तुकडे, मेलेल्या जनावराचे मांस वाळवून केलेल्या चान्या, हे आपले अन्न होते. १८७६-७८ च्या दुष्काळात सरकारने दुष्काळी कामावरच्या गड्याला रोजचे एक पौंड धान्य आणि वर किरकोळ पैसे ठरवले, आणि तेही पुरेसे आहे असे सर रिचर्ड टेंपल म्हणाले. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेल्या गरोदर बाया आजही आपल्यात आज्या म्हणून बसल्या आहेत. त्यांच्या पोटातली मुले आज पन्नाशीत आहेत. आमचे काकाही त्याच वयाचे होते. मी एका माणसाच्या आजाराचे कारण दुष्काळावर चिकटवत नाही, तसे चिकटवता येत नाही. पण एका अख्ख्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या अर्धपोटी ठेवायचे आणि मग त्याच्या मधुमेहाला "खाण्यापिण्याच्या चुकीच्या सवयी" म्हणायचे, ही बदमाशी आहे. जातीने अन्न ठरवले, अन्नाने शरीर ठरवले. म्हणून शरीरातल्या साखरेलाही जातीचा इतिहास आहे.

आणि प्रश्न फक्त अन्नाचाही नाही. लंडनमध्ये १९६७ साली सरकारी नोकरांचा व्हाइटहॉल अभ्यास सुरू झाला. यांच्यातला कोणी उपाशी नव्हता, सगळे पगारदार. तरी सर्वात खालच्या दर्जाच्या नोकरांत हृदयविकाराने होणारे मृत्यू सर्वात वरच्या अधिकाऱ्यांपेक्षा तीन पटींहून अधिक निघाले. आणि हे फक्त वर आणि खाली असे नव्हते, पायरीपायरीने होते. प्रत्येक पायरी खालच्या पायरीपेक्षा थोडी सुरक्षित. सिगारेट, रक्तदाब, कोलेस्टेरॉल सगळे हिशेबात धरूनही हा फरक पूर्ण मिटला नाही. बाबासाहेबांनी जातीचे वर्णन श्रेणीबद्ध विषमता असे केले होते. ती विषमता हृदयापर्यंत पोहोचते हे इंग्रज कारकुनांच्या मृत्यूनोंदींनी दाखवले. याच अभ्यासाने १९८० साली हेही दाखवले की साखर मधुमेहाच्या रेषेपर्यंत पोहोचली नसली तरी, ज्यांची साखर सर्वात वरच्या टप्प्यात होती त्यांच्यात हृदयविकाराने मृत्यू सुमारे दुप्पट होते.

तीन आक्षेप

पहिला आक्षेप आमचेच कार्यकर्ते घेतात. "अत्याचार होत आहेत, आरक्षण संपवले जात आहे, आणि तुम्ही शुगर घेऊन बसलात?" त्यांना माझे उत्तर असे की मोर्चात चालायला पाय लागतात. मधुमेहाने कापलेले पाय मी पाहिले आहेत. चाळीस-पन्नाशीत कार्यकर्ते गमावणारी चळवळ अनुभव गमावते, घर उघडे पडते, पोरांचे शिक्षण सुटते. आजारपणाचे कर्ज हे आपल्या वस्तीतल्या गरिबीचे मोठे दार आहे. आरोग्य हा चळवळीबाहेरचा विषय नाही.

दुसरा आक्षेप उलट बाजूने येतो. "ज्याने त्याने आपले खाणेपिणे सांभाळावे, यात समाज आणि सरकार कशाला?" ज्याला पहाटे चारला कामावर जायचे आहे, ज्याला सुट्टी घेतली की पगार कापला जातो, ज्याच्या हातात वडापावशिवाय परवडणारे काही नाही, त्याला जिम आणि सॅलडचा सल्ला देणे म्हणजे त्याच्या आजाराचे खापर त्याच्याच डोक्यावर फोडणे. कंत्राटी कामगाराची वर्षातून एकदा तपासणी झालीच पाहिजे, आणि तपासणीच्या दिवसाचा पगारही मिळाला पाहिजे, ही आपली मागणी असली पाहिजे.

तिसरा आक्षेप, "आपल्या लोकांना असे काही होत असते तर आकडे दिसले असते." देशात नोंदल्या जाणाऱ्या मृत्यूंपैकी एक चतुर्थांशाहूनही कमी मृत्यूंचे कारण डॉक्टरकडून प्रमाणित होते. बाकीचे नुसते गेले. "झोपेत गेले", "चक्कर येऊन पडले", "दारूने गेले". आपले आकडे दिसत नाहीत कारण आपले मृत्यूही नीट लिहिले जात नाहीत.

मग करायचे काय

तीस वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येकाची मधुमेह आणि रक्तदाबाची तपासणी सरकारी कार्यक्रमातून मोफत व्हायची आहे. आशाताईंकडे त्याचा फॉर्म असतो. आपल्या वस्तीत तो भरला गेला आहे का, हे विचारणे आपला हक्क आहे. भरला गेला नसेल तर आरोग्य केंद्रात अर्ज द्या, पोच घ्या. उपाशीपोटी साखर १२६ किंवा त्याहून जास्त, किंवा तीन महिन्यांची सरासरी ६.५ किंवा त्याहून जास्त आली, तर पुन्हा तपासून मधुमेह पक्का करतात. १९९७ पर्यंत उपाशीपोटीची ही रेषा १४० वर होती. ती खाली आणली गेली, कारण त्याआधीच डोळे आणि रक्तवाहिन्या बिघडू लागतात हे लक्षात आले. निदान झाले की गोळ्या सरकारी दवाखान्यात मिळतात. त्या मिळत नसतील तर ती बातमी करा, निवेदन द्या, भांडा. आणि गोळी सुरू झाल्यावर "आता बरं वाटतंय" म्हणून मनाने बंद करू नका.

आमच्या विहारात आम्ही आता दर पौर्णिमेला वंदनेनंतर रक्तदाब आणि साखर मोजतो. एक यंत्र, एक वही, दोन मुली ज्या नर्सिंग शिकतात. पहिल्या दिवशी लोक लाजत होते. एक आजी म्हणाल्या, "विहारात रक्त काढतात का कुठं?" मी त्यांना विनयपिटकातली गोष्ट सांगितली. अतिसाराने घाणीत पडलेल्या भिक्खूला तथागतांनी स्वतःच्या हातांनी धुतले आणि संघाला आजाऱ्याची सेवा करायला सांगितले. राजा प्रसेनजिताची गोष्टही सांगितली, जो ताटभर भात खाऊन धापा टाकत बुद्धांसमोर येऊन बसायचा. बुद्धांनी त्याला शाप दिला नाही, पापपुण्य सांगितले नाही. मोजून खायला सांगितले, आणि ताटावर आठवण करून द्यायला एक माणूस बसवला गेला. राजा हळूहळू हलका झाला. आजींनी बोट पुढे केले. त्यांची साखर २८० निघाली. गोड त्याही खात नव्हत्या.

येत्या ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर जाल तेव्हा रांगेत कोणीतरी विषाचा विषय काढेलच. त्याच्याशी भांडू नका. त्याला विचारा, दादा, तुमची शुगर किती आहे? उत्तर आले नाही, तर त्याला घेऊन सरळ आरोग्य शिबिराच्या मंडपात जा. बाबासाहेबांना मोजायला यंत्र नव्हते, गोळी नव्हती, वेळ नव्हता. आपल्याकडे पहिल्या दोन गोष्टी आहेत. तिसरी काढावी लागेल.

जय भीम. नमो बुद्धाय.